पाषाणातील पाने आणि त्यांची ओळख

नागपूरचे हिस्लॉप कॉलेज सर्वांच्या परिचयाचे आहे. परंतु १८८३ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेला ज्यांचे नाव देण्यात आले, ते पाद्री स्टीफन हिस्लॉप दगडांत वनस्पती शोधीत हिंडत असत, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. स्कॉटलंडमध्ये १८१७ साली जन्मलेले हे गृहस्थ १८४५ मध्ये नागपुरास आले. धर्मप्रचार आणि शाळा हा त्यांचा व्यवसाय. भूगर्भशास्त्र हा केवळ छंद. या छंदात रॉबर्ट हंटर हे सहकारी त्यांच्याबरोबर असत.

कामठीजवळच्या सिलेवाडा येथील वालुकाश्माच्या खाणींत दगडांच्या थरांमध्ये त्यांना पानांचे ठसे आढळले. आजूबाजूच्या रानातील एकाही झाडाशी ती पाने जुळत नव्हती. दगडाला मनाजोगे नाव देऊन तो कपाटात ठेवणे सोपे होते. हिस्लॉप यांनी तसे केले नाही. कोणत्या गावचा दगड, त्याच्या खाली व वर कोणता खडक, याची नोंद त्यांनी केली आणि नमुने लंडनला पाठविले.

तेथे सर चार्ल्स बनबरी यांनी ती पाने पारखली व १८६१ मध्ये आपला निबंध प्रसिद्ध केला. बनबरी हेही कोठले पगारी प्राध्यापक नव्हते. पण प्राचीन वनस्पतींचा त्यांचा व्यासंग मोठा होता. अशी पारख आकारावरून होत नाही, शिरांवरून होते. जिभेसारख्या लांबट पानात ठळक मध्यशीर असून बाजूच्या शिरा एकमेकींना मिळून जाळे विणीत असतील, तर ते ग्लोसोप्टेरिस. मध्यशीर मुळीच नसून तळापासून निघालेल्या शिरा दुभंगत जवळजवळ समांतर जात असतील, तर ते पान निराळ्या कुळातले. या दुसऱ्या प्रकारातील एका पानाला बनबरींनी संग्राहकाच्या नावावरून ‘हिस्लोपी’ असे जातिनाम दिले. त्याचे कूळ मात्र त्यांनी प्रश्नचिन्ह लावूनच लिहिले.

या ओळखीवर मोठा प्रश्न अवलंबून होता. नागपूरकडील खडक आणि दगडी कोळसा किती जुना? हिस्लॉप यांनी त्यांचा संबंध जुरासिक काळाशी जोडला. पुढील संशोधनाने हे मत टिकले नाही. ती पाने त्याहून पुष्कळ जुनी, पर्मियन काळाच्या उत्तरार्धातील, म्हणजे २५ कोटी वर्षांपूर्वीची ठरली. शिवाय तेच ग्लोसोप्टेरिस दक्षिण आफ्रिका व ऑस्ट्रेलियातही मिळाले. इतकेच नव्हे, तर १९१२ मध्ये दक्षिण ध्रुवावरून परतताना मृत्यू पावलेल्या कॅप्टन स्कॉट यांच्या तुकडीने अखेरपर्यंत जवळ बाळगलेल्या दगडांतही ते निघाले. हे भूखंड एके काळी सलग होते, या सिद्धान्ताला त्यामुळे बळ आले. त्या प्राचीन भूखंडाचे गोंडवन हे नाव आपल्याच गोंडांच्या मुलुखावरून पडले आहे.

बनबरींनी वापरलेले कुळाचे नावही पुढे बदलले. १८७९ मध्ये फाइस्टमांटेल यांनी ‘हिस्लोपी’ला नव्या कुळात घातले; इतरांनी ते आणखी तिसऱ्या कुळात नेले. ही फेरतपासणी होऊ शकली, कारण नमुना आणि त्याच्या ठिकाणाची नोंद ही दोन्ही शाबूत होती. मत चुकले तरी चालते. नोंद हरवली की सारेच हरवते.

आजच्या हौशी संग्राहकाने यातून घ्यायचे ते एवढेच. दगडावरची शेवाळासारखी काळी नक्षी पुष्कळदा वनस्पती नसतेच. मँगनीजच्या क्षारांनी भेगांत काढलेली ती रांगोळी असते. खरे पान मिळाले, तर ते थरातून उपटण्यापूर्वी त्याचे छायाचित्र घ्यावे, गाव व थर लिहून ठेवावा, फुटलेल्या दगडाचे दोन्ही अर्धे जपावेत आणि ते जाणकाराला दाखवावे.

प्राचीन शिलावर्तुळे पाहून टाकळघाटहून परतत असता, ४ सप्टेंबर १८६३ रोजी, पुराच्या पाण्यात हिस्लॉप यांचा अंत झाला. त्यांच्या पानांना मिळालेली पुढची नावे पाहण्यास ते उरले नाहीत. परंतु पानांचे कूळ कितीही वेळा बदलले, तरी ‘हिस्लोपी’ हे नाव मात्र अद्याप त्यांच्याबरोबर चालत आले आहे.