वाऱ्याचं फूल आणि बांधावरचा पळस

नालवाडीच्या अंगणात ॲनिमोन फुलेल का? फुलेलही, पण आपल्या हट्टापायी. हे भूमध्य समुद्राच्या पूर्वेकडचं फूल. ग्रीक भाषेत ‘ॲनेमॉस’ म्हणजे वारा, त्यावरून हे नाव. तिकडे पाऊस हिवाळ्यात पडतो. त्या ओलीवर ते वाढतं, वसंतात फुलतं आणि उन्हाळाभर त्याचा कंद कोरड्या जमिनीत झोपतो. आपल्याकडे त्याच्या झोपेच्या वेळी पाऊस कोसळतो. वर्ध्याची काळी माती पाणी धरते, कंद कुजतो. म्हणून ते कुंडीतच लावावं, भरपूर वाळू घालून. कंद रात्रभर भिजवून दिवाळीनंतर लावले, तर माघात फुलं मिळण्याची आशा. उन्हं तापली की पानंही वाळतात.

इंग्रजांनी १८६६ मध्ये पालकवाडीच्या जागी वर्धा शहर वसवलं. बंगल्यापुढचे आखीव वाफे ही त्याच राजवटीची सवय. वाफ्यातलं ते बागेचं फूल आणि बांधावरचं ते रानटी, हा भेद तिथूनच आपल्या मनात घट्ट झाला असावा.

नाहीतर फाल्गुनात पेटणाऱ्या पळसाला आपण बागेबाहेर का ठेवलं असतं? १७५७ ची लढाई ज्या प्लासीला झाली, त्या गावाचं नाव पलाशी, म्हणजे पळसावरूनच पडलेलं. गंमत पुढेच आहे. वनस्पतिशास्त्रात पळसाला ‘ब्यूटिया’ म्हणतात, ते १७६२-६३ मध्ये ब्रिटनचे पंतप्रधान असलेल्या अर्ल ऑफ ब्यूट यांच्या नावावरून!

पळसफुलं पाण्यात भिजवली की केशरी-पिवळा रंग उतरतो. होळीला तो आपण खेळलो आहोत, कापडालाही तो चढतो. विनोबा १९३२ च्या अखेरीस नालवाडीत आले आणि सूतकताईच्या मजुरीवर जगण्याचा प्रयोग त्यांनी इथे केला. जवळच वर्ध्यात १९३८ मध्ये गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालय उघडलं. वनस्पतींच्या रंगात रंगवलेल्या खादीचं काम त्या संस्थेनं पुढे केलं. पळस त्या रंगांच्या घराण्यातला जुना माणूस.

शेतांचे प्लॉट पडतात तेव्हा आधी बांध जातो आणि त्याच्याबरोबर पळसही. मोठं झाड उचलून नेता येत नाही. पण त्याच्या चपट्या शेंगेच्या टोकाला एकच बी असतं. ते उन्हाळ्याअखेर गोळा करावं आणि पहिल्या पावसात थेट जमिनीत लावावं. मूळ खोल जातं, पिशवीत ते कोंडतं. वर दोनतीन वर्षं फारसं काही दिसणार नाही. फुलांना त्याहून बराच वेळ लागेल.