काजूवरील बुरशीजन्य रोगांची ओळख

काजूच्या (अॅनाकार्डियम ऑक्सिडेंटेल) झाडावरील करपा, फांदीमर, भुरी, मोहोर जळणे, रोपे कोलमडणे यांसारखा विकार नेमक्या कोणत्या बुरशीमुळे झाला, हे शेतातील लक्षणे व प्रयोगशाळेतील तपासणी यांवरून ठरविण्याची पद्धती. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात भारतात आणलेले हे झाड कोल्हापूर जिल्ह्यात मुख्यतः चंदगड, आजरा, भुदरगड व गडहिंग्लज या तालुक्यांत आढळते. सह्याद्रीलगतची जांभ्याची जमीन काजूला मानवते. पण तिथला दीर्घ पाऊस, सतत ओली राहणारी पालवी आणि मोहोराच्या दिवसांतील धुके व ढगाळ हवा बुरशींनाही तितकीच मानवते.

फांदीमर किंवा गुलाबी रोग (एरिथ्रिसियम सॅल्मोनिकलर) डोळ्यांनीच ओळखता येतो. पावसाळ्यात फांदीच्या सावलीकडील बाजूस आधी पांढरे रेशमी तंतू पसरतात, मग साल फिकट गुलाबी थराने माखते, भेगाळते आणि फांदी शेंड्याकडून वाळत येते. भुरीत कोवळ्या पानांवर व मोहोरावर पांढरी पूड दिसते. ही बुरशी जिवंत पेशींवरच जगते, त्यामुळे ती कृत्रिम माध्यमावर वाढत नाही. मोहोरावरची पूड थेट सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी लागते. रोपवाटिकेत बुंधा कुजून रोपे कोलमडतात तेव्हा फायटोप्थोरा, पिथियम व फ्यूजॅरियम यांचा संशय घ्यावा. यांतील पहिल्या दोन खऱ्या बुरशी नव्हेत. त्यांच्या पेशीभित्तिकेत सेल्युलोज असते व त्यांचे चलबीजाणू पाण्यात पोहतात. म्हणून वाफ्यात पाणी साचू न देणे हाच तेथे पहिला उपाय ठरतो.

खरा घोटाळा मोहोर जळण्याच्या बाबतीत होतो. जळालेल्या तुऱ्यातून प्रयोगशाळेत कोलेटोट्रिकम किंवा लॅसिओडिप्लोडिया थिओब्रोमी मिळते आणि दोष लगेच बुरशीवर टाकला जातो. प्रत्यक्षात अनेकदा मूळ इजा ढेकण्या (हेलोपेल्टिस अँटोनी) या रसशोषक किडीची असते. तिने सोंड खुपसलेल्या जागी कोवळ्या देठावर आधी पाणथळ, लांबट चट्टा उमटतो, तो तपकिरी-काळा होतो आणि त्यावर डिंकाचा बारीक थेंब येतो. चट्टे सुटे सुटे असून त्यांच्या कडा स्पष्ट असतात. बुरशी नंतर त्या जखमेतून शिरते. करप्याचे ठिपके मात्र पसरत एकमेकांत मिसळतात आणि दमट हवेत त्यांवर नारिंगी-गुलाबी चिकट बीजाणुपुंज येतात. हा फरक न पाहता केलेली नुसत्या बुरशीनाशकाची फवारणी खर्च वाढविते, मोहोर वाचवीत नाही. काजू बागायतदाराने हातात भिंग ठेवावे ते यासाठीच.

प्रयोगशाळेत रोगट व निरोगी भागाच्या सीमेवरचे लहान तुकडे घेतात, कारण पूर्ण कुजलेल्या भागात मृतोपजीवी बुरशींचीच गर्दी असते. तुकडे सोडियम हायपोक्लोराइटच्या सौम्य द्रावणात थोडा वेळ बुडवून निर्जंतुक पाण्याने धुतात आणि बटाटा-डेक्स्ट्रोज-आगर माध्यमावर साधारण २५ ते २८ अंश सेल्सिअस तापमानात वाढवितात. लॅसिओडिप्लोडिया काही दिवसांतच बशी व्यापते. तिची पांढुरकी लव पुढे काळपट होते. तिचे कोवळे बीजाणू रंगहीन व एकपेशीय, तर पक्व बीजाणू गडद तपकिरी, द्विपेशीय आणि उभ्या रेघांचे असतात. कोलेटोट्रिकमचे बीजाणू रंगहीन, एकपेशीय व बहुधा दंडगोलाकार असतात. पानांवरील ठिपक्यांत सापडणाऱ्या पेस्टालोशियोप्सिसच्या पाचपेशीय बीजाणूच्या मधल्या तीन पेशी रंगीत असतात व टोकाला केसांसारखी उपांगे असतात. एकदा पाहिल्यावर ही बुरशी सहसा चुकत नाही.

बीजाणूच्या आकारावरून प्रजाती सांगणे आज पुरेसे मानले जात नाही. पूर्वी कोलेटोट्रिकम ग्लिओस्पोरिऑइडिस या एकाच नावाखाली मोडणारी बुरशी म्हणजे जवळच्या अनेक प्रजातींचा समूह आहे, हे डीएनएच्या अभ्यासातून स्पष्ट झाले. २०१२ मध्ये आयटीएस हा डीएनए-खंड बुरशींच्या ओळखीचे सर्वसाधारण चिन्ह म्हणून सुचविला गेला. मात्र या समूहातील प्रजाती वेगळ्या करण्यास तो एकटा अपुरा पडतो, इतर जनुकेही तपासावी लागतात. वेगळी केलेली बुरशी निरोगी रोपावर टोचून तीच लक्षणे उत्पन्न करणे व त्यातून तीच बुरशी पुन्हा मिळविणे, ही रॉबर्ट कॉख यांच्या नावाने ओळखली जाणारी कसोटी अजूनही निर्णायक आहे. ढेकण्याच्या जखमेतील बुरशी मूळ कारण की मागाहून आलेली, याचा निवाडाही याच कसोटीवर होतो.

ओळख पटली की उपाय वेगळे होतात. फांदीमर झालेली फांदी रोगट भागाच्या खालून छाटून कापावर बोर्डो पेस्ट लावतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर एक टक्का बोर्डो मिश्रण फवारतात. त्यासाठी १०० लिटर पाण्यास १ किलो मोरचूद व १ किलो कळीचा चुना लागतो. कोल्हापूरचे कृषी महाविद्यालय व वेंगुर्ल्याचे प्रादेशिक फळ संशोधन केंद्र या चंदगड-आजऱ्याच्या बागायतदाराला जवळच्या संस्था होत. तपासणीसाठी नमुना फवारणीपूर्वी घ्यावा, त्यात रोगट व हिरवा असे दोन्ही भाग असावेत, तो प्लॅस्टिकऐवजी कागदी पिशवीत ठेवावा आणि शक्यतो त्याच दिवशी पोहोचवावा.