जारचे पाणी (धाराशिव जिल्हा)
जारचे पाणी म्हणजे शुद्ध करून सुमारे २० लिटरच्या प्लॅस्टिकच्या जारमधून विकले जाणारे पिण्याचे पाणी. धाराशिव जिल्ह्याचा बहुतांश भूभाग बेसाल्ट खडकाचा असून येथील कूपनलिकांच्या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार असतात; अशा जड पाण्यात डाळ लवकर शिजत नाही. उकळल्याने जंतू मरतात व तात्पुरती कठीणता जाते, कायमची कठीणता मात्र राहते. ती घालवण्यासाठी पाणी आधी गाळून, नंतर दाबाने सूक्ष्म पडद्यातून पार केले जाते (आरओ). यात बरेच क्षारयुक्त पाणी वाया जाते. दुष्काळी जिल्ह्यात हे नुकसान लहान नव्हे. सीलबंद पाण्यासाठी आयएस १४५४३ हे भारतीय मानक आहे. थंड पाण्याचे जार बहुधा सीलबंद नसतात. परत आलेला जार धुऊन निर्जंतुक न करता भरल्यास शुद्ध केलेले पाणीही पुन्हा दूषित होऊ शकते.