सुरतेतील इंग्रजी सत्ता आणि स्थानिक लोकमत

ईस्ट इंडिया कंपनीची वखार सुरतेत १६१३ साली स्थापन झाली आणि १८०० च्या तहाने शहराचा कारभार नवाबाकडून कंपनीकडे गेला. या दोन शतकांत सुरतकरांचे इंग्रजांविषयीचे मत वारंवार बदलले. जहाज आणि पेढी सुरक्षित राहते का, व त्यासाठी किती पैसा मोजावा लागतो, ही त्यामागची कसोटी होती. १६६४ मध्ये शिवाजी महाराजांच्या स्वारीत मोगल अधिकारी इनायतखान किल्ल्यात दडला, पण जॉर्ज ऑक्झेंडनने वखार राखली. इंग्रजांचा दबदबा वाढला. उलट १६९५ मध्ये हेन्री एव्हरी या चाच्याने मक्केहून परतणारे ‘गंज-इ-सवाई’ हे बादशाही जहाज लुटताच लोक खवळले. चाच्याशी आपला संबंध नाही, ही कंपनीची सफाई चालली नाही. तिच्या माणसांना बेड्या पडल्या.

पुढे नवाब, मोगलांचे आरमार सांभाळणारे सिद्दी आणि चौथाई मागणारे मराठे यांच्या ओढाताणीत व्यापार सापडला. मार्च १७५९ मध्ये इंग्रजांनी सिद्दीकडून किल्ला घेतला, तेव्हा अनेक व्यापाऱ्यांचा त्यांना पाठिंबा होता. याला फितुरी म्हणता येईल का? खुद्द दिल्लीच्या बादशहाने नंतर कंपनीची किल्लेदारी मान्य केली. व्यापाऱ्यांनी अनेक दावेदारांतून एक रखवालदार निवडला. त्यातला धोका कोणालाच दिसत नव्हता असे नाही. टोपीकर (युरोपीय व्यापारी) हे इतर सावकारांसारखे नव्हेत, त्यांच्या पाठीशी राजसत्ता आहे, असा इशारा रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त अठराव्या शतकाच्या प्रारंभीच आढळतो. मात्र ती राज्य राखणाऱ्याची नजर होती; पेढीवाल्यापुढे हंगामातल्या मालाचा प्रश्न होता.

हे सारे धनिकांचे मत झाले, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. इतिहासकार लक्ष्मी सुब्रमण्यम यांनी मांडलेल्या इंग्रज-वाणी युतीच्या कल्पनेवर इतिहासकार मिकेलगुल्येल्मो तोर्री यांनी टीका केली, तीही या पाठिंब्याच्या व्याप्तीवरून. कंपनीच्या दप्तरात अर्जदार व्यापाऱ्यांचा आवाज मोठा आहे. इतरांचे मत त्यांच्या कृतींतूनच शोधावे लागते. १७९५ च्या दंगलीत गरीब मुसलमानांच्या जमावाने वाण्यांची दुकाने फोडली, म्हणजे नव्या व्यवस्थेचा लाभ सर्वांना सारखा पोचला नव्हता. पण १८४४ मध्ये मिठावरील कर मणामागे आठ आण्यांवरून रुपयावर नेला, तेव्हा शहरभर विरोध उसळला आणि सरकारला वाढ कमी करावी लागली. १८४८ मध्ये नवी वजनमापे लादण्याचा बेतही बहिष्कारामुळे सोडून द्यावा लागला. तेव्हा १७५९ चा पाठिंबा राजनिष्ठेचा पुरावा ठरत नाही; तो अटींवर केलेला सौदा होता, आणि अट मोडली की सुरतकर विरोधात उतरत.