निश्चलतेचें औषध

वर्गांत हूं कीं चूं न करतां बसलेल्या मुलास कांहींच दुखत नसेल, असें मानणारा शिक्षक चुकतो. वैद्यकाच्या इतिहासांतहि अशीच एक चूक झाली. तिची हकीकत आज सांगावयाची आहे.

दक्षिण अमेरिकेतील अरण्यवासी शिकारी कांहीं वेलींच्या सालींपासून क्युरारे नांवाचें विष करून बाणांस लावीत. तो बाण लागलेलें जनावर लुळें पडे व श्वास बंद होऊन मरे. १८१४ सालीं चार्ल्स वॉटरटन या इंग्रज प्रवाशानें लंडनमध्यें हें विष एका गाढविणीस टोंचविलें. ती निपचित पडतांच तिच्या श्वासनलिकेस छेद घेऊन भात्यानें कांहीं तास वारा भरण्यांत आला. गाढवीण उठून उभी राहिली आणि पुढें १८३९ पर्यंत जगली!

त्यानंतर फ्रेंच शास्त्रज्ञ क्लॉद बर्नार यानें बेडकावर प्रयोग केला. एका पायाकडे जाणारें रक्त बांधून अडविलें व मग विष दिलें. लुळ्या पडलेल्या भागास चिमटा घेतला तर तो भाग हलेना. परंतु विषापासून वांचलेला पाय मात्र झटकन आंखडला. म्हणजे वेदनेची वार्ता आंत पोंचत होती. उत्तर देण्याची शक्ति तेवढी गेली होती. याचें कारण पुढें कळलें. मज्जातंतूंच्या टोंकांतून ॲसिटिलकोलीन नांवाचें द्रव्य स्रवतें व तें स्नायूस आकुंचनाची आज्ञा देतें. क्युरारे त्या द्रव्याची जागाच अडवून बसतें.

२३ जानेवारी १९४२ रोजीं मॉंट्रियल येथें हॅरल्ड ग्रिफिथ व एनिड जॉन्सन यांनीं भूल दिलेल्या रुग्णास क्युरारे टोंचलें. पोटाचे स्नायु सैल पडले. एरवीं त्यासाठीं धोका पत्करून गाढ भूल द्यावी लागे. आतां हलकी भूल पुरूं लागली. परंतु रुग्ण हलत नाहीं हें पाहून कांहीं डॉक्टरांस वाटलें कीं, क्युरारेनेंच भूलहि येते. बर्नारचा बेडूक जणूं विस्मृतींत गेला!

अखेर अमेरिकेंतील डॉ. स्कॉट स्मिथ यांनीं स्वतःच्या देहावर प्रयोग करवून घेतला. त्याचा वृत्तांत १९४७ सालीं प्रसिद्ध झाला. सर्वांग लुळें पडलें, श्वासहि दुसऱ्यांस चालवावा लागला. परंतु ते पूर्ण शुद्धीवर होते. त्यांस सर्व ऐकूं येत होतें आणि वेदनाहि जाणवत होती.

म्हणून आज शस्त्रक्रियेच्या वेळीं निद्रेचें औषध निराळें, वेदनाशामक निराळें व स्नायु शिथिल करणारें निराळें देतात. मॉर्फीनसारखें वेदनाशामक मेंदू व मज्जारज्जू यांत वेदनेचा संदेश क्षीण करतें. क्युरारेच्या जातीचें औषध केवळ स्नायूस थोपवितें.

श्रोतेहो, जो बोलूं शकत नाहीं त्यास दुःख नाहीं, असें कधींहि समजूं नये. एका डॉक्टरानें हें स्वतः सोसून सिद्ध केलें. आपण तें ऐकून तरी ध्यानांत ठेवावें.