‘फादर लुईस पेटीतून परतले’

१७. मूळ मजकुरातील हे वाक्य सहज वाचून पुढे जाता येईल, म्हणून ही टीप. फादर लुईस हे थॉमस मर्टन यांचे मठातील नाव. अमेरिकेतील केंटकी राज्यातल्या गेथसेमनी मठाचे ते ट्रॅपिस्ट संन्यासी. १० डिसेंबर १९६८ रोजी बँकॉकजवळ, मठवासीयांच्या परिषदेसाठी गेले असताना त्यांचा अपघाती मृत्यू झाला. बरोबर २७ वर्षांपूर्वी, त्याच तारखेला, ते मठात दाखल झाले होते.

ट्रॅपिस्ट प्रथेत मृताला पेटी नसते. देह चर्चमध्ये उघडाच ठेवतात. बंधू आळीपाळीने शेजारी बसून स्तोत्रसंहितेतील १५० स्तोत्रे म्हणतात, रात्रभरही. मग मठाच्या झग्यातच देह फळीवरून कबरीत उतरवतात. खाली एक बंधू आधीच उतरलेला असतो. तो देह हातांनी सावरून घेतो, तोंडावर कापड ओढतो आणि वर येतो. इतक्या जवळून दिलेला निरोप मला तरी दुसरीकडे आढळलेला नाही.

मर्टन यांच्या बंधूंना तेवढेही लाभले नाही. व्हिएतनाम युद्धाला उघड विरोध करणाऱ्या या माणसाचा देह त्याच युद्धात पडलेल्या सैनिकांच्या शवांसोबत लष्करी विमानातून मायदेशी आला. १७ डिसेंबरला त्यांना पेटीसह पुरले. कबरीवर इतरांसारखाच साधा पांढरा क्रूस आहे. त्यावर ‘फादर लुईस मर्टन’ हे नाव आणि मृत्यूची तारीख.