वारल्यांचा चौक

इतिहास लिहावयास बसलें, कीं आमची नजर प्रथम दोन गोष्टींकडे जाते: कर्त्याचें नांव आणि कृतीचा काल. अजिंठ्याच्या चितार्‍यांचीं नांवें आम्हांस ठाऊक नाहींत. तरी लेणीं टिकलीं, म्हणून काल तरी ठरवितां आला. परंतु जें चित्र टिकावें म्हणून काढलेंच नव्हतें, त्याचा इतिहास कसा लिहावा? पुण्याच्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेच्या संग्रहालयांत वारली चित्रांपुढें उभे असतां हा प्रश्न आमच्या मनांतून जाईना.

डहाणू, तलासरी, जव्हार ह्या मुलखांत वारल्याच्या घरीं लग्न निघालें, म्हणजे सवाशिणी घरांतील भिंतीवर चौक काढीत. गेरूनें सारवलेली भिंत, पाण्यांत कालवलेलें तांदळाचें पीठ आणि टोंक चावून मऊ केलेली बांबूची काडी, साहित्य एवढेंच. मध्यभागीं पालघट, म्हणजे झाडाझुडपांची व सुफलतेची देवी. बाहेर सूर्य, चंद्र, झाडें, पशुपक्षी. माणूस ह्या सृष्टींत आहे, पण तिचा धनी म्हणून नव्हे. धवलेरीच्या गाण्यांवांचून जसें लग्न लागत नसे, तसेंच चौकावांचूनहि. लग्न झालें, कीं चौकाचें काम संपलें. मग तो पुसट झाला काय आणि नव्या सारवणाखालीं गेला काय, सारखेंच.

१९७० नंतरच्या दशकांत भास्कर कुलकर्णी ह्यांच्या खटपटीनें ही कला कागदावर उतरली व शहरांत पोंचली. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे तिचे श्रेष्ठ चित्रकार ठरले. त्यांस २०११ सालीं पद्मश्री मिळाली. २०१८ सालीं ते निवर्तले. त्यांच्या थोरवीविषयीं आम्हांस शंका नाहीं. परंतु जी विद्या त्यांनीं पुढें नेली, ती पूर्वापार बायकांच्या हातीं होती, आणि त्या बायकांचीं नांवें ग्रंथांत क्वचितच आढळतात. कागदानें चित्रास आयुष्य दिलें, कर्त्यास नांव दिलें. आणि त्याच घटकेस आद्य कर्त्या इतिहासाबाहेर राहिल्या.

आज शहरांतील भिंतींवर शोभेसाठीं तारप्याचा नाच रंगवितात. पालघट तेथें बहुधा नसते. शोभेची हौस वाईट नव्हे. मात्र नांव सांपडत नाहीं, एवढ्यावरून कर्ता नव्हताच असें इतिहासकारानें मानूं नये. वारली चित्रकलेच्या इतिहासाचा आरंभ १९७० पासून न करितां त्या सवाशिणींपासूनच केला पाहिजे, असें आमचें स्पष्ट मत आहे.